घरोघरचा जीर्णोद्धार : सारवण, चुना, टाकी आणि कल्हई यांचा इतिहास

‘जीर्णोद्धार’ हा शब्द कानी पडला की देऊळच डोळ्यांपुढे उभे राहते. पण शब्दाची फोड केली तर त्यात देऊळ कोठेच नाही. जीर्ण म्हणजे झिजलेले, वापरून जुने झालेले. आणि उद्धार म्हणजे वर काढणे, सावरणे. जुने फेकून द्यावे व त्या जागी नवे आणावे, असा अर्थ या शब्दात नाही. जे आहे ते राखून त्याची झीज भरून काढणे, एवढेच हा शब्द सांगतो.

या अर्थाने पाहू गेल्यास देवळाचा जीर्णोद्धार दोन-तीन पिढ्यांतून एकदा होतो. घराचा मात्र दर आठवड्यास होत असे. घरातील बायामाणसे उखडलेली जमीन सारवीत, पोपडे धरलेली भिंत लिंपून काढीत, गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावून घेत आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेत. या कामांना कोणी जीर्णोद्धार म्हटले नाही. त्यांची वर्गणी निघाली नाही, पावत्या फाडल्या गेल्या नाहीत, कोनशिला बसल्या नाहीत. परंतु वस्तूचे अंग शाबूत ठेवून तिचा फक्त वरचा थर नवा करावयाचा, ही विद्या याच कामांनी शेकडो वर्षे सांभाळली. मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत त्या लहान जीर्णोद्धारांची नोंद होणे अगत्याचे आहे.

झाई आणि भोवतालचा मुलूख

महाराष्ट्राचा किनारा उत्तरेकडे जेथे संपतो तेथे झाई आहे. दक्षिणेस बोर्डी-घोलवड, उत्तरेस उंबरगाव, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तलासरीकडील डोंगराळ, जंगलाचा मुलूख. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली तेव्हा ठाणे जिल्ह्यातील जुन्या उंबरगाव तालुक्याची विभागणी झाली. उंबरगाव गुजरातेत गेले, झाई महाराष्ट्रात राहिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाल्यापासून झाई त्या जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात आहे.

सीमा बदलल्या, तरी या पट्ट्यातील हवा काही बदलली नाही. पावसाळ्याचे चार महिने धो धो पाऊस आणि बारा महिने खारा वारा. अशा हवेत कोणतीही वस्तू एकदा केली आणि निश्चिंत झाले, असे होत नाही. मातीची भिंत पावसाच्या झडीने धुपते, दगडी भिंतीला लोणा लागतो, लोखंड गंजते, लाकूड फुगते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीला नव्या हंगामापूर्वी तेल-रंगाचा हात द्यावाच लागतो, हे कोळी-मांगेला बांधवांना सांगावयास नको. समुद्राकाठचे जीवन म्हणजे झीज आणि झीज भरून काढणे यांची कायमची शर्यत होय. घराचेही तेच.

जमीन : चोपणे आणि सारवणे

मातीच्या जमिनीचा इतिहास फार जुना आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीची घरे उजेडात आली. कुडाच्या भिंती आणि चोपून लिंपलेल्या जमिनी असे त्या घरांचे स्वरूप होते. म्हणजे आजीने पणजीकडून उचललेले हे काम महाराष्ट्रात लिहिणे-वाचणे येण्याच्याही आधीचे आहे.

जमीन करण्याची रीत ठरलेली होती. पावसाळा सरला, भात कापणीला आले की अंगणाची व खळ्याची जमीन खणून सारखी करीत, पाणी शिंपडून माती मुरवीत, पायांनी तुडवीत आणि मग धुमसाने व लाकडी चोपण्याने चोपून घट्ट करीत. ती सुकताना पडणाऱ्या भेगा पुन्हा चोपून बुजवीत. त्यावर शेणाचा सारवा फिरे. काही घरांत कोळशाची पूड मिसळून काळीभोर, चकचकीत जमीन करण्याची हौस असे. पुढे आठवडाभराने, सणावाराला किंवा घरात कार्य असेल तेव्हा नुसते सारवण पुरे होई.

या सारवणामागे विचार आहे. गुराच्या शेणात न पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात. ते सुट्या मातीला धरून ठेवतात, धूळ बसवतात आणि भेगा पसरू देत नाहीत. वरचा पापुद्रा पायांखाली झिजतो, खालची चोपलेली जमीन झिजत नाही. झिजण्यासाठी मुद्दाम एक स्वस्त थर द्यावयाचा आणि तो वेळोवेळी बदलावयाचा, म्हणजे खालचे महागाचे काम वाचते. हेच या साऱ्या विद्येचे मर्म आहे, आणि भिंत, जाते, भांडे या प्रत्येकात ते निराळ्या रूपाने दिसते.

मात्र सारवणाचे गोडवे गाताना ते कोणाच्या हातांनी होत असे, हेही सांगितले पाहिजे. पाठीचा कणा वाकवून, उकिडवे बसून, ओंजळभर शेणकाल्याने खोल्यामागून खोल्या सारवणे हे बायकांचेच काम होते. आणि ज्यांच्या वाड्यांना मोठाली खळी व अंगणे होती, त्यांच्याकडचे राबणे पुष्कळदा दुसऱ्याच्या वाट्याला येई. डहाणू-उंबरगाव भागातील वारली कुटुंबांना जमीनदार-सावकारांच्या शेतात आणि घरी मोबदल्यावाचून राबावे लागे. ही वेठबिगारी मोडण्यासाठी १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी लढा उभारला. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी येथे भरलेली परिषद त्या लढ्याची सुरुवात मानली जाते. तो इतिहास गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. जुन्या घरांची जमीन आरशासारखी असे, हे खरेच. पण तो आरसा घासणाऱ्या हातांना त्यात आपले सुख क्वचितच दिसले.

भिंत : कूड आणि चौक

मातीच्या भिंतीची गोष्टही अशीच. या भागातील जुनी घरे कुडाची. कारवीच्या सरळ काठ्या उभ्या-आडव्या बांधून त्यांचा ताटवा करावयाचा आणि दोन्ही अंगांनी माती, शेण व भाताचे तूस कालवून लिंपावयाचे. ही कारवी सह्याद्रीच्या उतारावर वाढते आणि सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. काठी टिकाऊ, पण उघडी राहिली तर वाळवी आणि पाऊस तिचा घात करतात. लिंपण हे तिचे पांघरूण. पावसाळ्यात पांघरूण विरले की दिवाळीच्या सुमारास नवे घालावयाचे. काठी तीच, पांघरूण दर साली नवे.

माती, तूस आणि तंतू यांचे हे मिश्रण गरिबाघरचेच आहे असे कोणी समजू नये. अजिंठ्याच्या लेण्यांतील जगप्रसिद्ध चित्रे ज्या गिलाव्यावर रंगवली आहेत, त्या गिलाव्यातही माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत. दगड खडबडीत, त्यावर मातीचा लेप, त्यावर पांढरा पातळ हात आणि त्यावर चित्र. दीड हजार वर्षांवर तो लेप टिकला, कारण त्यावर पावसाची झड आली नाही.

वारली घरात तर भिंतीचे लिंपण आणि लग्न यांची गाठच घातलेली आहे. लग्न ठरले की आतली भिंत शेणामातीने लिंपतात, गेरूचा हात देतात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात. चौकात पालघट देवी बसते. धवलेरी गाणी गाते. चौकाशिवाय लग्न पुरे होत नाही. त्या चौकाचे आयुष्य मात्र लिंपणाएवढेच. पुढच्या लिंपणात तो झाकला जातो आणि पुढच्या लग्नात नवा लिहिला जातो. जुना जपून ठेवण्याची धडपड कोणी केली नाही, कारण लिहिणारे हात घरात होते.

१९७० नंतरच्या वर्षांत ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आली. तलासरी तालुक्यात जन्मलेले आणि डहाणूजवळील गंजाड येथे राहिलेले जिव्या सोमा म्हसे यांनी ती देशोदेशी पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. कागद आला तरी अनेक चित्रकार त्यावर प्रथम शेणाचा अथवा गेरूचा हात देतात. भिंत सुटली, सारवण सुटले नाही.

चुना : शिंपल्याचा पुनर्जन्म

ज्यांची ऐपत होती त्यांच्या विटा-दगडांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा असे. किनारपट्टीला चुन्यासाठी दूर जावे लागत नसे. शंख-शिंपले भट्टीत भाजून कोकणात चुना करीत. शिंपला आणि चुनखडीचा दगड एकाच द्रव्याचे बनलेले आहेत. भट्टीच्या प्रखर आचेने त्यातील एक वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो खदखदतो, फुलतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीला लावला की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे चुना लावणे हे भिंतीवर रंग फासणे नव्हे. शिंपल्याचाच एक पातळ थर भिंतीवर पुन्हा जमवणे आहे.

चुन्याचे काम सावकाशीचे. चुना दिवसेंदिवस पाण्यात मुरवीत, घाणीत वाळूबरोबर मळीत. कोठे गुळाचे पाणी, कोठे बेलफळाचा गर, कोठे हिरड्याचा काढा घालीत. वरचा बारीक थर गुळगुळीत दगडाने घोटून चमकवीत. पुढे मात्र देखभाल अगदी सोपी. दर साल दिवाळीपूर्वी पातळ सफेतीचा एक हात दिला की झाले. त्याने बारीक चिरा बुजत, किडामुंगी दूर राही आणि अंधाऱ्या घरात उजेड पडे. भिंतीतील ओल चुन्यातून बाहेर पडू शके. म्हणून खाऱ्या वाऱ्यातही अशा भिंती पिढ्यान्पिढ्या उभ्या राहिल्या.

जाते : झिजलेल्या दगडाला धार

जमीन आणि भिंत यांवर थर चढवावा लागतो. जात्याचे उलट आहे. तेथे दगड टोचून काढावा लागतो. दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत होतात आणि मग धान्य भरडले न जाता नुसते चिरडले जाते. हात दुखतात, पीठ जाडसर येते. अशा वेळी जाते बदलत नसत. टाकी आणि हातोडी घेऊन दारोदार फिरणारे कारागीर येत, दोन्ही तळ्यांवर बारीक टिचे मारून दगड पुन्हा खरबरीत करीत आणि पसाभर धान्य किंवा दोन पैसे घेऊन पुढच्या दारी जात. पाट्या-वरवंट्यालाही अशीच टाकी लागे. टाकी लावल्यावर पहिले दळण कण्या-कोंड्याचे करीत, म्हणजे दगडाची कच निघून जाई.

वडार, पाथरूट, टकारी अशा जमातींतील स्त्री-पुरुष हे काम करीत. टकारी हे नावच टाकीवरून आले. ज्यांच्या टाकीवाचून गावाची भाकरी होत नव्हती, त्यांची कहाणी मात्र कडू आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. त्यांत टकारीही होते. हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही, अशी बंधने ज्याच्या पायात, त्याने दारोदार टाकी लावत कसे फिरावे? हा कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तेव्हापासून या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जातात. कायदा गेला तेव्हा गावोगाव पिठाची गिरणी येऊ लागली होती आणि टाकीचे कामच उरत चालले होते.

जाते आज बहुतेक घरांत लग्नात हळद दळण्यापुरते उरले आहे. त्याबरोबर जात्यावरच्या ओव्याही मुक्या झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, म्हणून त्या वाचल्या.

भांडे : कल्हई

तांब्या-पितळेची भांडी पिढीजात. सुनेला सासूकडून, मुलीला आईकडून मिळालेली. अशा भांड्यात ताक, आमसुलाचे सार किंवा चिंच घातलेली आमटी ठेवली तर ती कळकते. तिला हिरवट कळा येते आणि ती पोटाला बाधते. त्यावर उपाय कथलाचा पातळ थर. अरबी भाषेत कथलाला ‘कलई’ म्हणतात. आपली कल्हई तीच.

कल्हईवाला झाडाखाली खड्डा खणून भाता लावी. भांडे राख-वाळूने घासून तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी. पांढरा धूर उसळे आणि तापलेल्या धातूवरचा मळ सुटे. मग कथलाची काडी टेकवी. कथील २३२ अंश उष्णतेलाच वितळते, त्यामुळे ते लोण्यासारखे पसरे. कापसाच्या बोळ्याने ते साऱ्या भांड्यात फिरवून भांडे पाण्यात बुडवले की चर्र आवाज होऊन आतून चांदीसारखे लखलखे. पोरासोरांचा तो जादूचा खेळच. पण जादू नव्हती. कारागिराच्या हाताला आच नेमकी कळत होती. आच कमी तर कथील पसरत नाही, जास्त तर जळून जाते.

कल्हई काही महिने टिके, मग पुन्हा करावी लागे. भांडे मात्र तीन-तीन पिढ्या चाले. १९६०-७० नंतर स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली. त्यांना कल्हई नको, चिंचेची घाशी नको. बायकांचे कष्ट वाचले, हे निर्विवाद. परंतु पुष्कळ घरांतील जुने हंडे, घागरी, पातेली मोडीच्या भावाने गेली आणि कल्हईवाल्याची आरोळी थांबली.

देवाच्या अंगावरील लेप

घरातील ही रीत देवळातही होतीच. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात ‘वज्रलेप’ या नावाचा एक अध्याय आहे. टेंभुर्णीची व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले, वेखंड इत्यादी पाण्यात आटवून त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल अशा वस्तू घालून हा लेप करावा, असे तेथे सांगितले आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा लेप प्रासाद, शिवलिंग आणि मूर्ती यांच्याबरोबरच कुड्य म्हणजे भिंत, आणि कूप म्हणजे विहीर, यांनाही लावावा असे ग्रंथकार म्हणतो. देवाची मूर्ती आणि घरची भिंत यांना एकच औषध. मराठीतला ‘कूड’ हा शब्दही या ‘कुड्य’ शब्दाशीच नाते सांगतो.

आपल्या काळातील उदाहरणे बहुतेक वाचकांस ठाऊक असतील. पंढरपूरच्या श्रीविठ्ठलाच्या मूर्तीची अभिषेकांनी व चरणस्पर्शाने होणारी झीज थांबवण्यासाठी १९८८, २००५, २०१२ आणि २०२० या साली लेप दिले गेले. कोल्हापूरच्या श्रीमहालक्ष्मीच्या मूर्तीस १९५५ साली वज्रलेप झाला आणि २०१५ साली पुरातत्त्व खात्याने तिच्यावर रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया केली. मूर्ती बदलावी असे म्हणणे सोपे. पण ज्या मूर्तीपुढे पिढ्यांनी माथा टेकला तिची झीज हीच त्या भक्तीची खूण असते.

तथापि थर देण्यालाही मर्यादा आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर शेंदराचे थरावर थर चढून मूळ रूप झाकले गेले होते. २०२२ साली मंदिर काही आठवडे बंद ठेवून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते थर उतरवण्यात आले, तेव्हा देवीचे जुने स्वरूप भक्तांना दिसले. पंढरपुरातही २०२४ साली गाभाऱ्यात मागाहून बसवलेल्या फरश्या काढून मूळचा दगड मोकळा करण्यात आला. नवे सुंदर दिसावे म्हणून प्रेमाने केलेले कामच कधीकधी पुढच्या पिढीला खर्च करून काढावे लागते. म्हणून कोणता थर द्यावा, याइतकेच कोणता देऊ नये हेही कळले पाहिजे.

सिमेंटचे दिवस

हिंदुस्थानात सिमेंटचा मोठा कारखाना १९१४ साली पोरबंदर येथे सुरू झाला. खेड्यापाड्यांत सिमेंट पोचावयास मात्र पुढची कित्येक वर्षे लागली. आधी शहाबादी फरशी व कोबा, मग मोझेक, मग चकचकीत लाद्या आल्या. सरकारी घरकुल योजनांनी कुडाच्या घरांच्या जागी पक्की घरे उभी केली. त्यात दुःख मानण्याचे कारण नाही. पावसात गळणारे छप्पर आणि विंचूकाट्यांची जमीन ज्यांनी भोगली, त्यांना पक्क्या घराचे मोल विचारावे.

घोटाळा झाला तो निराळ्या ठिकाणी. सिमेंट आले आणि लोकांनी ते जुन्या भिंतीवरही थापले. चुन्याची वा मातीची भिंत ओल घेते व सोडते. सिमेंटचा कठीण गिलावा तिचे तोंड बंद करतो. जमिनीतून चढणारी ओल आणि तिच्याबरोबरचे मीठ आतल्या आत कोंडते; मग गिलावा फुगतो, सोलून पडतो आणि येताना जुन्या विटेचा, दगडाचा तुकडाही घेऊन येतो. किनाऱ्यावर, जेथे वाऱ्यातच मीठ आहे, तेथे हे लवकर घडते. दगडी भिंतींना आणि खांबांना तैलरंग फासण्याचाही परिणाम असाच. चुन्यावर चुना, मातीवर माती, हा जुन्या गवंड्यांचा नियम अडाणीपणाचा नव्हता. वरचा थर खालच्या अंगाहून मऊ असावा, म्हणजे झीज थराला लागते, अंगाला नाही. सिमेंटने हा नियम उलटा केला.

दूर आफ्रिकेतील माली देशात जेने नावाचे गाव आहे. तेथील १९०७ साली बांधलेली प्रचंड मशीद नुसत्या मातीची आहे. दर वर्षी एका ठरावीक दिवशी सारे गाव लोटते. बायका पाणी आणतात, तरुण माती, तूस कालवून टोपल्या भरभरून भिंतींवर चढतात, आळी-आळीत चुरस लागते आणि दिवसभरात मशिदीला नवे लिंपण होते. भिंतीतून बाहेर डोकावणारी लाकडे त्यांच्या पाय ठेवण्याच्या उपयोगी पडतात. म्हणजे बांधणाऱ्यांनी लिंपणाऱ्यांची सोय आधीच करून ठेवली होती. १९८८ साली जेनेची गणना जागतिक वारशात झाली. तेथील मिश्रण आणि इकडच्या कुडाचे मिश्रण यांत फारसा फरक नाही. फरक आहे तो असा, की तेथे लिंपण हा साऱ्या गावाचा सण आहे. इकडे ते एकटीच्या पाठीवर पडले, म्हणून संधी मिळताच सुटले.

शिकण्याजोगे काय

या साऱ्या इतिहासाचे सार थोडक्यात सांगता येईल. सारवण, सफेती, टाकी आणि कल्हई यांतील प्रत्येक काम स्वस्त होते, पण पुन्हा पुन्हा करावे लागे. ते करणारे हात, मग ते घरच्या बाईचे असोत, वेठीच्या गड्याचे असोत की टकाऱ्याचे, कमी मोलाचे मानले गेले. हातांना मान आणि मोबदला मिळाला नाही, म्हणून हात निघून गेले; आणि हात गेले म्हणून वस्तू बदलणे भाग पडले. वस्तू जुनी होते म्हणून जात नाही, तिची झीज भरणारा उरत नाही म्हणून जाते.

कोणी आता घराची लादी उखडून शेणाने सारवावे, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. पण माळ्यावरचे पितळी पातेले मोडीत घालण्यापूर्वी बाजारात कोठे कल्हई करणारा उरला आहे का, याची चौकशी करता येते. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट थापण्यापूर्वी चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधता येतो. जुना सागवानी दरवाजा, पाट, पलंग रंधा मारून व तेलपाणी करून आणखी एक पिढी चालतो. काढून टाकण्यापूर्वी आतले अंग शाबूत आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ वाचते. आणि जो कारागीर हे काम करतो त्याला घासाघीस न करता पुरते दाम देणे, हाही त्या वस्तूच्या रक्षणाचाच भाग होय.

मंदिराच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे. जीर्णोद्धारासाठी दात्यांनी सढळ हाताने दिले, ग्रामस्थांनी श्रमदान केले, त्याची नोंद या स्मरणिकेत इतरत्र आहेच. पण मोठे काम संपते त्या दिवसापासून लहान काम सुरू होते. येत्या पावसाळ्यानंतर कोठे ओल आली हे पाहणे, गटाराची तोंडे मोकळी करणे, पायरीचा निखळलेला सांधा वेळीच भरणे, दगडावर तैलरंग चढू न देणे, आणि वर्षातून एक दिवस साऱ्या आळ्यांनी मिळून देवळाची झाडलोट व डागडुजी करणे, या गोष्टींना लाखांच्या देणग्या लागत नाहीत. त्यांना ठरलेला दिवस लागतो आणि हात लागतात. तो दिवस पाळला गेला, आणि त्या दिवशी पुरुषांचे हातही बायकांच्या बरोबरीने पाण्या-मातीत भरले, तर पुढील मोठा जीर्णोद्धार करण्याची पाळी बऱ्याच उशिराने येईल.

देऊळ असो की घर, ते दर साल थोडे थोडे झिजणार. दर साल थोडे थोडे भरून काढणारे गाव असले म्हणजे ते टिकते. इति शुभं भवतु.